आभार संपेपर्यंत बसून राहावे

ती. सौ. ताईस,

गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढा वाकून नमस्कार. (म्हणजे कागदावर साष्टांग, प्रत्यक्षात मानेपुरता. मागे एका निवृत्त सहकाऱ्यांच्या पाया पडायला खाली गेलो आणि वर यायला त्यांनाच मला हात द्यावा लागला.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या भावजयीचा खोकला गेला आणि आवाज परत आला, त्यामुळे घर पूर्ववत आहे. तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? गोळी बातम्या बघायच्या आधी घेतेस की नंतर? आधी घेतलेली बरी, एवढं मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर असूनही सांगू शकतो. भाऊजींना नमस्कार सांग. जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायची त्यांची सवय कायम असेल, तर मुद्दाम उठवू नकोस, जागे होतील तेव्हा सांग.

बातमी मोठी आहे म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. आपल्या भिंगरीने सिनेमा केला! माहितीपट म्हणतात त्याला, म्हणजे ज्यात गाणी नसतात आणि माणसं खुर्चीत बसून खरं बोलायची धडपड करतात. आमच्या ज्या कॉलेजने तिला त्या दिवसानंतर नोटीस धाडली होती, तेच कॉलेज आता तो त्याच सभागृहात, पडदा लावून, बाहेरचे पाहुणे बोलावून दाखवणार आहे. पुढच्या महिन्यातला पहिला शनिवार, संध्याकाळी. प्राचार्य भेटेल त्याला "आमची विद्यार्थिनी" असं सांगत सुटले आहेत. मी म्हटलं, सर, आधी आमची भाची. माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. (ते पोटावरचं होतं, असं तुझ्या भावजयीचं म्हणणं आहे. तिला शरीरशास्त्रातलं काही कळत नाही.)

एवढं वाचून तू पत्र घडी करून बाजूला ठेवायला निघाली असशील. ठेवू नकोस. त्या दिवसापासून तू तिच्याशी बोलत नाहीस हे मला माहीत आहे. ती फोन करते, तू तो भाऊजींकडे देतेस, भाऊजी "बरी आहेस ना, जेवलीस ना" असं विचारून ठेवून देतात. बातम्यांत तू जे पाहिलंस ते मीही पाहिलं. तुझी एकुलती एक लेक, मूठ वर, तोंड उघडं, "परत जा, परत जा" असं ओरडतेय. आणि ती ज्यांच्यावर ओरडतेय ते वक्ते म्हणजे ज्यांची भाषणं तू सकाळी फिरताना कानात घालून ऐकतेस तेच. तुझा संताप झाला. "ऐकून तरी घ्यायचं होतंस," एवढंच तू तिला म्हणालीस आणि फोन ठेवलास. पण ताई, बातम्यांत दाखवलं ते एक शिंक येऊन जाईल एवढंच होतं. लहानपणी मी कोणाशी मारामारी करून रडत घरी आलो की तू माझं सगळं ऐकून घ्यायचीस आणि मग म्हणायचीस, "हं, आता त्याच्या बाजूने सांग." मी त्याच्या बाजूने सांगायला लागायचो आणि सांगून होईतो गुन्हेगार मीच निघायचो. (त्या गल्लीत एकही भांडण मी जिंकलो नाही, त्याचं कारण तू आहेस.) पुढे भिंगरीलाही तू त्याच पट्टीने मोजलंस. तर आज मी तुला तिच्या बाजूने सांगतो.

सुरुवात मात्र माझ्यापासून करावी लागेल, त्याला इलाज नाही. आमच्या कॉलेजात कोणताही कार्यक्रम असो, आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं. प्रास्ताविकाला माणसं भांडतात, पाहुण्यांच्या परिचयाला वशिला लावतात, पण आभार कोणालाच नको असतात, कारण आभार सुरू झाले की श्रोते उठतात. मी माइकजवळ येऊन "आता शेवटी" असं म्हटलं की सबंध सभागृह उभं राहतं. नव्या प्राध्यापकांना आधी वाटायचं की माझा फार मान आहे. पिशव्या उचलल्या जातात, खुर्च्या सरकतात, कोणाचा तरी डबा पडतो आणि त्या गदारोळात मी अध्यक्षांपासून माइकवाल्यापर्यंत एकेकाचे ऋण फेडत जातो. शेवटच्या वाक्याला समोर फक्त सतरंज्या गोळा करणारे असतात. (भाऊजी एकदा आले होते ते शेवटपर्यंत बसले. झोप लागली होती, पण बसले.) मी मात्र मनाशी ठरवून टाकलंय की दुसऱ्या कोणाचे आभार चालू असताना आपण उठायचं नाही. लग्न असो, शोकसभा असो, मी शेवटपर्यंत बसतो. या कलेची कदर करणारा एक तरी माणूस जगात असावा.

तर त्या दिवशी तुझे वक्ते आले. ते कसे आहेत हे तुला सांगायला नको. अर्धी माणसं त्यांना डोक्यावर घेतात आणि उरलेली अर्धी त्यांचं नाव निघालं की रिमोट शोधतात. बाहेरून इथे येऊन राहिलेल्यांनी आता परत जावं, हे त्यांचं म्हणणं. आमच्या होस्टेलातली निम्मी मुलं बाहेरून आलेली. (आपले आजोबा कुठून आले होते हे तुला ठाऊक आहे. मी काही बोलत नाही. आभार मानणाऱ्याला मत नसतं.) पुढच्या दाराशी गर्दी म्हणून त्यांना मागच्या बाजूने, माझ्या प्रयोगशाळेतून आत आणलं. खरं सांगायचं तर माणूस अदबीचा वाटला. कुंड्यांमधून अंग चोरून चालले, एका नेच्यापाशी थांबून "याला पाणी कमी पडतंय का हो?" असं विचारलं. पडतच होतं. मी ओशाळलो.

सभागृहात डावीकडे होस्टेलवाले, त्यांच्यात भिंगरी, एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हाताची मूठ. उजवीकडे वक्त्यांचे चाहते. डावीकडच्यांचा म्होरक्या एक ताडमाड उंच मुलगा, त्याला सगळे शिडी म्हणतात. उजवीकडे पुढे एक मुलगी, जिच्या दोन्ही हातांत एकेक फोन असतो आणि ती दोन्हींवर एकाच वेळी भांडू शकते. वक्ते उभे राहिले, "मित्रहो" म्हणाले, आणि छप्पर उडेल असा ओरडा सुरू झाला. गंमत अशी की दोन्ही बाजू एकच घोषणा देत होत्या. हे त्यांना "परत जा" म्हणत होते, ते ह्यांना "परत जा" म्हणत होते, आणि कोणीच कुठे जात नव्हतं. वक्ते पुन्हा "मित्रहो" म्हणाले. ते पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नाही. मग मागे कोणीतरी खुर्ची डोक्यावर उचलली, ती बघून समोरच्याने उचलली, आणि इन्स्पेक्टरसाहेब प्राचार्यांच्या कानाशी लागले की सांगा, हॉल रिकामा करू का. प्राचार्यांचा चेहरा मी इतका पांढरा कधी पाहिला नव्हता. पोरं चिरडली असती ताई. मुलांना बाहेर पडायला दारं दोनच होती आणि त्यातल्या एकाला आतून कपाट लावलेलं होतं.

आता माझ्या हातून झालेली चूक. प्राचार्य सभागृहाकडे बघून हात खालीवर हलवत होते. ते मुलांना "बसा, बसा" म्हणत होते, हे मला आता कळतं. मला वाटलं, मला खूण करताहेत. इतक्या वर्षांत त्यांच्या हातवाऱ्याचा माझ्या लेखी एकच अर्थ होता, तो म्हणजे "उरका". मी उठलो, गुडघे चोळले, वक्त्यांना "जरा" म्हणून बाजूला केलं आणि सवयीने माझा आभाराचा आवाज लावला. "आता शेवटी..."

आणि सभागृह उठलं! म्हणजे जे उभेच होते ते निघाले. ज्यांनी खुर्च्या डोक्यावर घेतल्या होत्या त्यांनी त्या खाली ठेवल्या, कारण पिशवी उचलायला हात मोकळे लागतात. माणसं पाण्याच्या बाटल्या शोधायला लागली. दोन फोनवाली एका फोनवर "संपलं गं, आलेच" असं म्हणताना मी स्वतः ऐकलं. दाराशी शिडी एका चाहत्याला म्हणाला, तुम्ही आधी. मी आपला थांबलो नाही. अध्यक्षांचे मानले, संस्थेचे मानले, पाहुण्यांचे त्यांच्या "विचारप्रवर्तक व्याख्यानाबद्दल" मानले (त्यांचा सगळा मिळून एकच शब्द झाला होता, तो म्हणजे मित्रहो), घोषणा वेळेत दिल्याबद्दल दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांचे मानले, पोलीस खात्याचे मानले, चहावाल्याचे मानले आणि कार्यक्रम संपला असं जाहीर केलं. इन्स्पेक्टरसाहेब टोपी काढून डोकं खाजवत उभे होते. वक्तेसुद्धा घड्याळ बघून निघाले होते. त्यांनाही सवय असणारच. बाहेर चहाच्या टेबलापाशी एकच रांग होती आणि त्या रांगेत सगळे मिसळून उभे होते. कोणाच्याही अंगावर ओरखडा नव्हता.

तुला वाटेल, माझा सत्कार झाला असेल. दुसऱ्या दिवशी चाहत्यांचं निवेदन आलं की मी व्याख्यान बंद पाडलं. होस्टेलवाल्यांचं आलं की मी त्यांचा निषेध बंद पाडला. एका वर्तमानपत्रात मी छुपा समर्थक होतो, दुसऱ्यात छुपा विरोधक. तुझ्या भावजयीने दोन्ही कात्रणं फ्रिजवर शेजारी शेजारी लावली आणि म्हणाली, तुम्हाला मत आहे असं लोकांना वाटतंय, हेच खूप झालं.

आणि कार्यक्रमाच्याच संध्याकाळी बातम्यांत भिंगरी दिसली आणि तुझा फोन आला. फोन ठेवल्यावर तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर कॅमेरा मांडला. आपण काय काय टिपलंय ते बघायला बसली. मी तिच्यामागे उभा होतो. तिच्या कॅमेऱ्यात सगळं होतं, पण ऐकू येत होती ती फक्त ती स्वतः, कारण कॅमेरा तिच्याच तोंडाशी होता. ती ते पुन्हा पुन्हा लावत होती. मग म्हणाली, "मामा, मी तिथे असून मला काहीच ऐकू आलं नाही रे." ताई, ती चुकली असं मी म्हणत नाही. होस्टेलातल्या मैत्रिणीला कोणी परत जा म्हणत असेल तर तिने तिच्या बाजूला उभं राहावं, हे मला पसंत आहे. (हे मत झालं का? असू दे.) पण हे तिचं तिला लागलं, आणि लागलं म्हणून तिने काही केलं, याचा मला जो अभिमान वाटतो तो मला आवरत नाही.

तेव्हापासून आमचं जेवणाचं टेबल तिच्या ताब्यात आहे. आम्ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून जेवतो. तिने काय केलं सांगू? दोन्हीकडच्या एकेकाला गाठलं, खुर्चीत बसवलं, त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "हं, आता त्यांच्या बाजूने सांगा." वाक्य ओळखीचं वाटलं ना? काही उठून गेले, काही चिडले. शिडी नखं बघत म्हणाला की दोन फोनवालीच्या भावाला काम मिळत नाही आणि जे मिळायचं होतं ते आमच्याकडच्या एकाने कमी पगारात घेतलं, तिच्या जागी मी असतो तर मीही ओरडलो असतो. दोन फोनवाली पहिल्या दिवशी निघूनच गेली. दुसऱ्या दिवशी आपण होऊन आली, दोन्ही फोन बंद करून पालथे ठेवले आणि म्हणाली, "मी त्या उंच मुलाला परत जा म्हणत होते आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं." माझीही मुलाखत झाली. मी आभारशास्त्रावर सविस्तर बोललो. सिनेमात मी फक्त चष्मा पुसताना दिसतो. (विचारलं तर म्हणाली, मामा, तेच तुझं उत्तम वाक्य होतं.)

आणि तुझे वक्ते! ते आधी वेळच देईनात. मग हिने कळवलं की मी आभारवाल्यांची भाची. तेव्हा हसले म्हणे. न केलेल्या भाषणाचे आभार मानणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. "आता होस्टेलातल्या मुलाच्या बाजूने सांगा," असं हिने म्हटल्यावर त्यांनी सुरुवात केली ती स्वतःचंच भाषण झाली. पुन्हा केली, पुन्हा तेच. मग सांगितलं की शिकायला परगावी एका खोलीत राहत होतो, घरमालकीण रोज सकाळी विचारायची, कधी जाणार? "वाईट वाटायचं," म्हणाले. आणि लगेच म्हणाले, "तरी माझं मत तेच आहे." भिंगरीने दोन्ही वाक्यं ठेवली आहेत. मी म्हटलं, दुसरं काप की. म्हणाली, ते कापलं तर मी त्यांना परत एकदा बोलू दिलं नाही असं होईल. ताई, त्यांच्यावर ओरडणारी हीच ती मुलगी. तू कानात घालून ऐकतेस त्या कुठल्याही भाषणापेक्षा त्यात ते तुला जास्त आवडतील.

कोणाचं मत बदललं का? नाही. शिडीचं नाही, दोन फोनवालीचं नाही, वक्त्यांचं तर नाहीच. सिनेमात कोणी कोणाच्या गळ्यात पडत नाही. तुझंही बदलेल असं मला वाटत नाही आणि भिंगरीचंही बदललेलं नाही. सिनेमाचं नाव आहे "कार्यक्रम संपला असे जाहीर करतो". नाव माझं, म्हणजे वाक्य माझं. हे जाता जाता सांगितलं.

असो. तब्येतीला जप, भाऊजींना जपू दे. इथल्या सगळ्यांचा लोभ आहेच, तुझाही असू दे.

तुझा धाकटा,
आभारवाला

ता. क. वर मी ऐटीत लिहिलंय की माझ्या आभारांनी दंगल टळली. सिनेमात ते दृश्य नीट पाहिल्यावर दिसतं की मी "आता शेवटी" म्हणायच्या आधीच मागची एक रांग उठायला लागली होती. मी नुसता माइककडे चालत निघालो होतो. म्हणजे माझा शब्दसुद्धा लागला नाही, माझं दर्शन पुरलं. याचाही मला अभिमानच आहे.

ता. क. दुसरा. शनिवारी तू ये. एवढं सांगायला एवढं लांबण लावलं, कारण आधीच सांगितलं असतं तर तू पुढचं वाचलंच नसतंस. भिंगरी आत्ता समोरच बसली आहे. कोणाला लिहितोयस म्हणून विचारलं, मी म्हटलं बँकेला. बँकेला लिहिताना कोणी डोळे पुसत नाही, म्हणाली. तुला ये म्हणायची तिची हिंमत नाही. पहिल्या रांगेत दोन खुर्च्यांवर तिने पिशव्या ठेवायचं ठरवलंय. कोणासाठी ते सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. नुसत्या पिशव्याच राहिल्या तर मला ते बघवणार नाही, ताई.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. परवा कॉलेजात थोड्या लोकांना सिनेमा आधी दाखवला. संपल्यावर पडद्यावर आभारांच्या पाट्या सुरू झाल्या, अमक्याचे आभार, तमक्याचे आभार, आणि नेहमीप्रमाणे सगळे उठले. प्राचार्य उठले, तुझी भावजय पर्स शोधत उठली. मी एकटा बसून राहिलो, कारण मी आभारांना उठत नाही. सगळ्या पाट्या गेल्या, पडदा काळा झाला, आणि मग खुर्चीत भिंगरी दिसली. एकटी. जिथे सगळ्यांना बसवलं त्याच खुर्चीत. आधी तिची ती मूठ आणि ती आरोळी दिसते, मग ती कॅमेऱ्याकडे बघते, तुझ्यासारखा चष्मा कपाळावर ढकलते आणि म्हणते, "हं. आता आईच्या बाजूने सांगते."

पुढचं मी लिहीत नाही. ते तिथे का ठेवलंस, असं तिला विचारलं, तर म्हणाली, थांबणारं थांबेल. आयुष्यभर लोक माझ्या आभारांना उठून गेले, त्याचं मला काही वाटत नाही. हिच्या आभारांना तू बसून राहा.